नाताळच्या जोडून सुट्टीत लग्न: शुक्रवार, शनिवार की रविवार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचं लग्न ठरलंय. तुम्ही मुलुंडचे, मूळ गाव कणकवलीजवळ, व्याही बोरिवलीचे. 2026 मध्ये नाताळ शुक्रवारी येतोय, म्हणजे 25, 26 आणि 27 डिसेंबर अशी तीन दिवसांची जोडून सुट्टी मिळतेय. दादरचा एक हॉल तिन्ही दिवशी सकाळच्या सत्राला मोकळा आहे. गुरुजी मुहूर्त पाहून देतो म्हणालेत, पण तुमच्या घरातच दोन तट पडलेत. तुमच्या पत्नी म्हणतात, सुट्टी आहे तर सगळे येतील. मुलीचे मामा म्हणतात, सुट्टी आहे म्हणूनच कुणी येणार नाही, सगळे फिरायला जातील. साडेतीनशे माणसं धरलीत, त्यातली साठ-सत्तर गावाकडची. तुमच्या आई 84 वर्षांच्या आहेत, गावाला असतात आणि त्यांना नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्याच आहेत.

मी 23 वर्षं या कामात आहे. पहिली 9 वर्षं दादरच्याच एका हॉलच्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलावर बसले, नंतर स्वतंत्रपणे लग्नाची व्यवस्था बघायला लागले. त्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असायचं. एका पानाला एक दिवस, मधोमध आडवी रेघ, रेघेच्या वर सकाळचं सत्र, खाली संध्याकाळचं. नुसती चौकशी असेल तर पेन्सिलीनं आडनाव आणि फोन नंबर, अॅडव्हान्स आला की निळ्या शाईनं. जोडून सुट्टीची पानं हाताला लगेच कळायची, कारण खोडरबर घासून घासून तिथला कागद पातळ झालेला असायचा. लोक हौसेनं तारीख धरायचे आणि आठ-दहा दिवसांत फोन करून सोडायचे. का सोडताय, असं मी प्रत्येकाला विचारायचे. तुम्हाला जे सांगतेय ते बरंचसं त्या उत्तरांतून आलेलं आहे.

तुमच्या पत्नी आणि मामा, दोघंही बरोबर बोलतायत. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर माणसं वेगळी आहेत. पत्नींच्या डोळ्यांसमोर गावाकडची मंडळी आहेत. त्यांना रजा काढावी लागते, गाडीत बसावं लागतं, दोन रात्री कुठेतरी राहावं लागतं. जोडून सुट्टी नसेल तर त्यातली निम्मी माणसं येऊच शकत नाहीत. मामांच्या डोळ्यांसमोर मुंबईतली माणसं आहेत: ऑफिसचे, सोसायटीतले, मुलीच्या मैत्रिणी. साध्या रविवारी दीड तासाचा प्रवास करून ते आनंदानं आले असते. पण वर्षातून दोन-तीनदाच मिळणारी सलग सुट्टी आली की त्यांचं अलिबाग नाहीतर माथेरान आधीच ठरलेलं असतं. म्हणून 'सुट्टीत लग्न करावं का' या प्रश्नावर तुम्ही कितीही वाद घातलात तरी तो सुटणार नाही. तीन दिवसांपैकी नेमका कुठला, इथून सुरुवात करा.

माझा स्वतःचा ठोकताळा सांगते. सगळी माणसं मुंबई-ठाण्यातलीच असतील तर सुट्टीचा पहिला दिवस घ्यावा. लोक सकाळी लग्न लावतात, जेवतात आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघतात, त्यांचे पुढचे दोन दिवस शाबूत राहतात. बाहेरगावची माणसं जास्त असतील, किंवा थोडी असूनही ती सख्खी असतील, तर मधला दिवस घ्यावा. एक दिवस यायला, एक दिवस लग्नाला, एक दिवस परत जायला. शेवटचा दिवस मी शक्यतो कुणालाच घेऊ देत नाही. त्या दिवशी प्रत्येकाच्या मनात उद्याचं ऑफिस आणि मुलांची शाळा असते. पंगत अर्धी झाली की लोक घड्याळ बघायला लागतात.

तुमचा शेवटचा दिवस रविवार आहे आणि रविवार म्हटला की मेगाब्लॉक आला. मुलुंड, भांडुप, डोंबिवली, बदलापूर, तुमची सगळी माणसं मध्य रेल्वेवर. रविवारी साधारण अकराच्या सुमाराला ब्लॉक सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो, आणि माटुंगा ते मुलुंड हा पट्टा त्यात वारंवार असतो. लग्नाचे मुहूर्त नेमके याच वेळात येतात. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, म्हणजे पत्रिका छापताना तुम्हाला ते कळायचा मार्ग नसतो. व्याह्यांकडे पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक असतो तो वेगळाच. मंगलाष्टकं चालू असताना दोन्हीकडची माणसं विक्रोळी नाहीतर अंधेरीला प्लॅटफॉर्मवर उभी असलेली मी पुष्कळ वेळा पाहिलीत. त्यातली एक मुलाची सख्खी आत्या होती. ती पोचली तेव्हा हार घालून झाले होते, आणि नंतर अल्बममध्ये ती फक्त जेवणाच्या फोटोत दिसली.

शुक्रवार 25 का नको, तेही सांगते, कारण वरवर पाहता तो मोहात पाडणारा दिवस आहे. शुक्रवारी लग्न म्हणजे गावाकडच्या माणसांना गुरुवारी 24 ला निघावं लागणार. गुरुवार कामाचा दिवस, म्हणजे नोकरदारांची एक रजा गेली आणि जोडून सुट्टीचा त्यांना फायदा काय झाला? शिवाय हळद गुरुवारी येणार. मार्गशीर्ष 7 जानेवारी 2027 पर्यंत आहे, म्हणजे 24 डिसेंबर हा मार्गशीर्षातला गुरुवार. आपल्या सिंधुदुर्गातल्या घरांत हळदीच्या रात्री घरच्या माणसांसाठी कोंबडी-वडे असतात, मटण असतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात घट मांडलेला असताना ते कोण करणार? तुमच्या घरी पाळत नसतील, पण काकू-मावश्या पाळतात, आणि हळदीच्या रात्री अर्ध्या बायका उपाशी आणि अर्धे पुरुष नाराज, असं व्हायला नको. कितीतरी घरांत अख्खा मार्गशीर्षच शाकाहारी असतो, तेव्हा शुक्रवारी हळद ठेवलीत तरी आधी विचारून घ्या. शाकाहारीच ठेवायची असेल तर छान वालाची उसळ, वडे आणि सोलकढी करा, पण आधी ठरवून करा, ऐन वेळेला आचाऱ्याला फोन करून नको.

25 चं आणखी एक. दादरच्या गोखले रोडवर पोर्तुगीज चर्च आहे. त्यांचा तो सण, आदल्या रात्रीपासून तिथे भाविकांची वर्दळ असते, आणि त्या बाजूच्या हॉलला येणाऱ्या गाड्यांनी ते लक्षात ठेवायला हवं. त्यातच प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यापासून पूर्व-पश्चिम जायला टिळक पुलावर फार भार पडतो. वऱ्हाडाची बस पूर्वेकडून येणार असेल तर हातात अर्धा-पाऊण तास जास्त ठेवा. बोरिवलीकर मंडळींपैकी ज्यांना जमेल त्यांनी अंधेरीच्या बाजूनं मेट्रो 3 पकडावी. ती आता थेट दादरला येते आणि भरजरी साडीत लोकलच्या गर्दीत चढण्यापेक्षा खूप बरी पडते.

म्हणून मी तुम्हाला शनिवार 26 डिसेंबर सुचवते, सकाळचं सत्र. गावाकडची मंडळी शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी निघतील किंवा गुरुवारी रात्रीच्या गाडीत बसून शुक्रवारी पहाटे उतरतील. शुक्रवारी संध्याकाळी मुलुंडला हळद, शनिवारी दादरला लग्न आणि जेवण, रविवारी परतीचा प्रवास. कुणालाही रजा लागत नाही. दिवसाचा मेगाब्लॉक शनिवारी नसतो. पुण्याची माणसं असतील तर त्यांचंही सोयीचं आहे, कारण त्या दोन दिवसांत घाटात जी कोंडी होते ती मुंबईहून लोणावळ्याकडे जाणाऱ्यांची. तुमचे पाहुणे उलट्या दिशेनं येणार.

हळदीबद्दल एक सूचना. सुट्टी आहे म्हणून डीजे रात्री उशिरापर्यंत चालेल, असं समजू नका. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, हा नियम सुट्टीलाही लागू असतो. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी प्रशासन मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण ते दिवस आधी जाहीर होतात. त्या वर्षीची यादी बघितल्याशिवाय गृहीत धरू नका. हळद सातला सुरू करा, लहान मुलं आणि म्हातारी माणसंही जागी असतात तेव्हा.

आता मुहूर्त. गुरुजी काढून देतील, त्यात मी पडत नाही. पण 2026 चं पंचांग हॉलच्या गर्दीवर कसा परिणाम करतंय ते माझ्या कामाचं आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. मे महिन्याचा उत्तरार्ध, म्हणजे एरवीचा लग्नांचा ऐन हंगाम, त्यात गेला. अधिक मासामुळे पुढचे सणही पुढे सरकले. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, त्यामुळे तुळशीची लग्नं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. पुढे 8 जानेवारी 2027 पासून पौष लागतो आणि बरीच घरं पौषात लग्न करत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात राहून गेलेली लग्नं आणि हिवाळ्यातली लग्नं, सगळी नोव्हेंबर अखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा या सहा-सात आठवड्यांत येणार. हॉल आज मोकळा दिसतोय म्हणून महिनाभर विचार करत बसू नका.

व्याही मराठीच आहेत, तरी एकदा त्यांच्या घरात विचारून घ्या. मुंबईत हल्ली कुणाची आई गुजराती असते, कुणाचे आजोबा उत्तरेकडचे. गुजराती घरांत डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुर्ता पाळतात, उत्तरेकडे त्यालाच खरमास म्हणतात, आणि त्या काळात लग्न करत नाहीत. आपल्याकडची पंचांगं या काळातही मुहूर्त देतात, त्यामुळे आपल्या ध्यानातच येत नाही. हे अॅडव्हान्स भरल्यानंतर कळलं तर दोन्ही घरांत उगाच कटुता येते.

बुकिंग करायच्या आधी हॉलच्या माणसाला एक प्रश्न नक्की विचारा: आदल्या रात्री कुणाचं कार्य आहे? भाडं, पार्किंग, एसी हे सगळे विचारतात, पण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जोडून सुट्टीत दोन्ही सत्रं भरलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे कुणाचं तरी रिसेप्शन असणार. ते संपून पाहुणे बाहेर पडायला अकरा, त्यांचा डेकोरेटर सामान उतरवून नेईपर्यंत एक, झाडलोट होईपर्यंत दीड-दोन. तुमचा डेकोरेटर पहाटे दोनला आत शिरणार आणि सातला तुमची माणसं पूजेला हजर. या पाच तासांत मंडप, स्टेज, प्रवेशद्वाराची कमान आणि रुखवताची टेबलं. एकदा मी पहाटे साडेतीनला हॉलवर गेले तेव्हा चार पोरं जिन्यात झेंडूच्या माळा ओवत बसली होती. आतल्या कार्याची खुर्च्यांची रास अजून हलली नव्हती, म्हणून त्यांना जागाच नव्हती. त्यातल्या एकाचा तो सलग तिसरा हॉल होता. त्यानं सुईत दोरा घातला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. त्या दिवसापासून मी जोडून सुट्टीच्या लग्नात सजावट कमी ठेवायला सांगते. दारात तोरण, स्टेजवर एकच साधी फुलांची पार्श्वभूमी, अंतरपाटाच्या जागी रांगोळी. सुंदर दिसतं आणि माणसांच्या झोपेवर उठत नाही. त्या पोरांना पहाटेचा चहा आणि नाश्ता तुमच्या केटररकडून द्यायला सांगा, पानांच्या हिशोबात दहा जादा धरा.

गुरुजींनाही विचारा, त्या दिवशी त्यांच्याकडे किती लग्नं आहेत. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. दहा चाळीसचा मुहूर्त दादरला आणि साडेबाराचा चेंबूरला असेल, तर तुमची सप्तपदी घाईत होणार. 'दोनच घेईन' म्हणणारे गुरुजी असतात, ते थोडी जास्त दक्षिणा घेतात. त्यात काटकसर करू नका. फोटोग्राफर, मेकअपवाली, सनईवाले यांच्या बाबतीतही हाच प्रश्न. त्यांचे दर त्या आठवड्यात वाढलेले असतील, ते धरून चाला.

26 जानेवारीचा एक अनुभव सांगते, म्हणजे सुट्टीचा दिवस आणि तो दिवस ज्या कारणासाठी सुट्टीचा आहे, यातला संबंध कळेल. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतलं लग्न. शिवाजी पार्कच्या जवळचा हॉल, प्रजासत्ताक दिन, मुहूर्त सकाळी पावणेदहाचा. मुलाकडची मंडळी पेणहून बसनं येणार होती. राज्याचं संचलन शिवाजी पार्कला असतं आणि त्यासाठी आजूबाजूचे रस्ते सकाळी वाहनांना बंद ठेवतात, हे मुंबईतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण तारीख धरताना ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि तो हॉल मीच दिला होता. बस अलीकडेच थांबवली. नवरामुलगा फेटा आणि मुंडावळ्या बांधून, धोतर सावरत, चालत निघाला. त्याच्या मागे पन्नास माणसं, हातात बॅगा, आहेराच्या पिशव्या, एक करवली चांदीचा करा छातीशी धरून. नवऱ्याच्या आजीला चालवेना. शेवटी दोन पुतण्यांनी शेजारच्या दुकानातून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि तिच्यावर बसवून आजींना उचलून आणलं. मी हॉलच्या पायऱ्यांवर उभी होते. आजी आल्या, खुर्चीवरून उतरल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "मुहूर्त टळला काय गो?" टळला होता, सात मिनिटांनी. गुरुजींनी पुढचा पाहून लग्न लावलं. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं जे काही होतं ते मी अजून विसरले नाही, आणि तेव्हापासून मी कुठलीही सुट्टी घेण्याआधी त्या दिवशी त्या भागात सकाळपासून काय काय असतं ते लिहून काढते.

यावरूनच, तुम्ही पर्यायी तारखा विचारल्यात त्यांबद्दल. 6 डिसेंबर 2026 रविवारी येतोय, तेव्हा त्या रविवारी दादरचा हॉल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तो महापरिनिर्वाण दिन आहे. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला देशभरातून लाखो लोक येतात, दोन दिवस आधीपासून दादर त्यांचं असतं आणि ते तसंच असायला हवं. त्या तारखेला मुलुंडला किंवा ठाण्याला लग्न करा, काही अडचण नाही. 26 जानेवारी 2027 मंगळवारी येतोय, म्हणजे सोमवारची रजा काढावी लागणार. शिवाय तो पौषात आहे, आणि शिक्षक, पोलीस, सरकारी नोकरीतली माणसं सकाळी ध्वजवंदनाला जाणार. 1 मे 2027 शनिवारी आहे, म्हणजे सुट्टी असून नसल्यासारखी, आणि उकाडा असतो तो वेगळाच. जानेवारीत तिसऱ्या रविवारच्या आसपास मुंबई मॅरेथॉन असते, त्या सकाळी दक्षिण मुंबई, वरळी, माहीम या पट्ट्यातला हॉल नको. हे सगळं पाहता तुमची डिसेंबरची तारीखच चांगली आहे.

आता मामांच्या मुद्द्याकडे वळते, तो मी सोडून दिलेला नाही. शनिवार घेतलात तर मुंबईतली काही माणसं येणार नाहीत. किती, ते आधी कळायचा एक मार्ग आहे आणि तो मी प्रत्येकाला करायला लावते. दोन्ही घरांनी बसून तीस-तीस नावांची यादी करायची. ज्यांच्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटणार नाही, अशी माणसं. नात्याच्या मानानं नाही, मनापासून. मग अॅडव्हान्स भरायच्या आधी त्या साठ जणांना फोन करायचे. फोनवर "26 तारीख चालेल का" असं विचारू नका. त्यावर प्रत्येकजण "हो हो, चालेल की" म्हणतो, आपल्याकडे लग्नाला नाही म्हणायची पद्धत नाही. असं विचारा, "नाताळच्या सुट्टीत तुम्ही कुठे असाल?" मग खरं बाहेर येतं. मेहुणीचं केरळचं बुकिंग झालेलं असतं. भाच्याची हॉस्पिटलमधली ड्युटी असते. शेजारचे काका दर नाताळला मुलाकडे बंगळुरूला जातात. साठांपैकी पाच-सात जण अडले तर त्यांच्याशी बोलून मार्ग निघतो. पंधरा-वीस अडले तर तारीख बदला, हॉल कितीही मनात भरलेला असला तरी. हे फोन मुलीनं किंवा आईनं करावेत, पुरुष मंडळी दोन वाक्यांत आटपतात आणि माहिती मिळत नाही.

उरलेल्या माणसांना व्हॉट्सअॅपवर आताच तारीख कळवून टाका. छापील पत्रिका महिनाभर आधी जाते, ती रीतीसाठी. जोडून सुट्टीत महिनाभर आधी कळवून उपयोग नसतो, तोवर लोकांचे पैसे गुंतलेले असतात. आणि केटररला साडेतीनशे पानं सांगू नका. पहिल्यांदा 275 ची हमी द्या, वर पन्नासची तयारी ठेवायला सांगा, अंतिम आकडा आठवडाभर आधी. सुट्टीच्या लग्नात साडेतीनशे सांगून दोनशे चाळीस पानं उठलेली मी बघितलीत. उरलेलं जेवण दुपारी तीन वाजता टेम्पोत भरताना यजमानांचा जीव तुटतो.

ऑफिसची आणि सोसायटीतली जी माणसं हुकतील त्यांच्यासाठी त्याच संध्याकाळी वेगळं रिसेप्शन ठेवू नका, तेही येणार नाहीत आणि मुलगी सकाळपासून शालू-दागिन्यांत थकलेली असेल. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, 9 तारखेला, मुलुंडलाच छोटासा स्वागत समारंभ करा. पौष लागलेला असला तरी स्वागत समारंभाला मुहूर्त लागत नाही, हॉलही सहज मिळतात. गावाला जे राहून जातील त्यांच्यासाठी मे महिन्यात घरी सत्यनारायण घाला, मुलगी-जावई जोडीनं बसतील. खर्च फार होत नाही आणि लग्नाच्या एका दिवसावर सगळा भार येत नाही.

नोंदणीचं पटकन सांगते. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा या तीन दिवसांत कुठलंही सरकारी काम होणार नाही. विशेष विवाह कायद्यानं करायचं असतं तर 30 दिवसांची नोटीस आणि कामाचा दिवस, दोन्ही लागलं असतं. तुमचं वैदिक लग्न आहे, नोंदणी नंतर वॉर्ड ऑफिसात करता येईल. फक्त लग्नाच्याच दिवशी गुरुजींची अर्जावर सही घ्या आणि तीन साक्षीदार कोण ते ठरवा. नंतर गुरुजींना गाठणं अवघड जातं. जावयाचं परदेशी जायचं असेल तर हे काम जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका.

सगळ्यात शेवटी तुमच्या आई, आणि त्यांच्यासोबत येणारी साठ-सत्तर माणसं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस सोडून. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून चार महिन्यांचाच हिशोब आहे. 24 डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण 25 ऑक्टोबरला उघडेल, तो रविवार आहे. 27 डिसेंबरच्या परतीचं 28 ऑक्टोबरला, बुधवारी. सकाळी आठ वाजता. नाताळात कोकण रेल्वेची गर्दी मुंबईहून गोव्याकडे असते, त्यामुळे तुमच्या माणसांना येतानाची तिकिटं त्या मानानं सोपी जातील. अवघड आहे ते जाताना, कारण 27 ला 31 डिसेंबरसाठी गोव्याला निघालेले लोक त्याच गाड्यांत असतील. म्हणून परतीच्या तिकिटांना जास्त माणसं बसवा. एका खात्यावर सगळं टाकू नका. चार घरांत चार मुलं मोबाईल घेऊन बसवा, प्रत्येकाकडे सहा-सहा नावांच्या याद्या, वयं आणि ओळखपत्रावरची स्पेलिंगं आदल्या रात्रीच भरून ठेवलेली.

आईंचं तिकीट यात घालू नका. त्यांचं वेगळं काढा, ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून, खालच्या बर्थसाठी, सोबत एकच माणूस, तोही त्या कोट्याच्या वयात बसणारा. त्यांना शक्य असेल तर 24 ची वाट न बघता चार-पाच दिवस आधीच आणा, दिवसाच्या गाडीनं. ठाण्याला उतरवा, दादरपर्यंत नेऊ नका, ठाण्याहून मुलुंड दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तोवर त्यांची झोप, औषधं, पोट सगळं रुळेल आणि शुक्रवारी हळद कुटायला बसायचा पहिला मान त्यांना देता येईल. हॉलवर त्यांच्यासाठी स्टेजच्या उजव्या हाताला हात टेकायची खुर्ची ठेवायला सांगा, पंख्याखाली नको, आणि वॉशरूम त्याच मजल्यावर आहे ना ते बुकिंगच्या आधी स्वतः चालून बघून या.